किर्लोस्कर खबर : कंटेंट मार्केटिंग हा शब्द नव्हता तेव्हाची गोष्ट

तुम्ही एखाद्या ट्रेड मासिकात मशीनवरचा तांत्रिक लेख वाचला असेल. खाली नाव आणि फोटो कंपनीच्या डायरेक्टर साहेबांचा. पण लेख लिहिलेला असतो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी. लिहितो एक, नाव दुसऱ्याचं, याला घोस्टरायटिंग म्हणतात. आपल्या संभाजीनगरात वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीसाठी मी स्वतः असे तीन लेख लिहिलेत. म्हणून आज एका जुन्या माणसाची ओळख करून देतो.

लेखातून माल खपवायची आयडिया नवी नाही. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचं मासिक काढलं. आपल्याकडे हे काम मोठं करून दाखवलं शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी.

चित्रकार कारखान्यात कसा आला?

शंकररावांचा जन्म १८९१ चा, सोलापूरचा. ओढा चित्रकलेकडे. त्यासाठी ते थेट लाहोरला पंडित सातवळेकरांकडे शिकायला गेले. इकडे त्यांचे काका लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभा केला होता. तीच आताची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. शंकरराव पुढे तिथेच कामाला आले.

कारखान्याचा मुख्य माल लोखंडी नांगर. तो चांगला होता, पण सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडाने जमिनीला विष बाधतं, अशी शेतकऱ्यांची भीती. आता सांगा, ही अडचण मशीन सुधारून सुटणार होती का? नाही. इथे माणसाला समजावून सांगायला हवं होतं.

‘खबर’ सुरू झाली

१९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची, एवढाच साधा हेतू. आजच्या भाषेत कंपनीचा ब्लॉगच म्हणा. पण शंकररावांना एक गोष्ट कळली होती : नुसती स्वतःची टिमकी वाजवली तर दुसरा अंक कोणी उघडत नाही. म्हणून हळूहळू त्यात उद्योगधंदा, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय आले, गोष्टी आल्या. ते स्वतः लिहायचे, व्यंगचित्रंही काढायचे.

मग गंमत झाली. नावातला ‘खबर’ शब्द गळून पडला आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिकंही आली. ज्या घरात कोणाला नांगर घ्यायचा नव्हता, तिथेही किर्लोस्कर हे नाव पोचलं. ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र १९७४ मध्ये आलं आणि १९७५ च्या सुरुवातीला शंकरराव गेले.

यातून आपण काय घ्यायचं?

‘खबर’ ही जाहिरात होती का? होतीच की. पण कारखान्याचं नाव मासिकाच्या कपाळावरच छापलेलं होतं. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत, की हे कोण बोलतंय आणि कशासाठी. तरी तो वाचायचा, कारण त्याच्या कामाचं काहीतरी हाती लागायचं.

माझ्या लेखांत नेमकं हेच नव्हतं. साहेबांनी माहिती दिली आणि मी ती नीट मांडली असती, तर माझी काही तक्रार नव्हती. लिहिण्यात मदत घेणं गैर नाही. पण त्यातल्या एका लेखातलं मशीन साहेबांनी चालू अवस्थेत पाहिलंही नव्हतं, आणि लेखात मात्र ‘माझ्या अनुभवानुसार’ असं होतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं. उद्या तो अनुभव खरा मानून कोणी काही लाखांची मशीन घेतली, तर?

चौथ्या लेखाचं काम आलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, आधी साहेबांना शॉप फ्लोअरवर तासभर माझ्यासोबत उभं करा, मग लिहितो. अजून उत्तर आलेलं नाही.

तोपर्यंत तुम्ही एक करा. मोबाईलवर पुढचा ‘तज्ज्ञांचा लेख’ उघडाल तेव्हा आधी बघा, हे कोण बोलतंय आणि त्याला काय विकायचंय. ते लेखात कुठेच सापडत नसेल, तर विश्वास जरा जपून ठेवा.