पन्नासच्या नोटेवरची गायिका

स्मरणिकेसाठी लेख मागवल्याचा निरोप आपल्या ग्रुपवर आला आणि तासाभरात सगळे चांगले विषय संपले. सहल एकाने घेतली, स्नेहसंमेलन दुसऱ्याने, गणिताच्या सरांची छडी तर तिघांनी मिळून. मला सुचवण्यात आलं की तू रोज प्रार्थना म्हणायचीस, तेव्हा गाण्याबद्दल लिही. स्वतःच्या गाण्याबद्दल लिहावं असं माझ्याकडे आता फारसं काही उरलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईलच. म्हणून मी दुसऱ्याच एका गायिकेबद्दल लिहिते आहे. ती आपल्या शाळेची नाही, आपल्या देशाचीही नाही, आणि तिला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तरी तिच्याबद्दल वाचताना मला सारखी आपली शाळा आठवत होती.

तिची माझी पहिली भेट नोटेवर झाली. २००९ साली कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने स्टॉकहोमला होते. तिथल्या पन्नास क्रोनरच्या नोटेवर एका स्त्रीचं चित्र असायचं. कुणीतरी राणी असेल, असं मी धरून चालले होते. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, ही राणी नव्हे, गायिका आहे. जेनी लिंड. तिकडे येनी म्हणतात. नोटेच्या मागच्या बाजूला निकेलहार्पा हे त्यांचं लोकवाद्य होतं. गाणाऱ्या बाईला नोटेवर जागा देणाऱ्या देशाचं मला कौतुक वाटलं, आणि भारतात परत आल्यावर मी तिला विसरूनही गेले.

तीन वर्षांपूर्वी माझा आवाज बसला. रात्री अमेरिकेतल्या ग्राहकांबरोबर कॉल, दिवसभर टीमशी बोलणं, घरी मुलाच्या अभ्यासावरून आरडाओरडा. आधी खवखव, मग घोगरेपणा, मग एक दिवस तोंडातून नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतू पडद्यावर दाखवले. दोन्ही कडांवर बारीक गाठी होत्या. पंधरा दिवस मौन सांगितलं. डॉक्टर गाण्याचे शौकीन निघाले. स्वतःचे स्वरतंतू पहिल्यांदा नीट पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता, असं त्यांनी मला सांगितलं. त्याचं नाव मॅन्युएल गार्सिया. १८५४ मध्ये त्याने दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि आपला आवाज कसा निघतो ते स्वतः पाहिलं. मौनाच्या त्या पंधरा दिवसांत मी या गार्सियाबद्दल वाचायला घेतलं, आणि त्याच्या शिष्यांच्या यादीत एक ओळखीचं नाव सापडलं. पन्नासच्या नोटेवरची बाई!

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० चा, स्टॉकहोमचा. तिच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. ते झालं ती चौदा वर्षांची असताना. आई घरीच मुलींची शाळा चालवायची. घरात पैसा नव्हता, आणि लहानपणीची काही वर्षं तर जेनी दुसऱ्यांच्या घरी वाढली. नऊ वर्षांची असताना ती खिडकीत बसून आपल्या मांजरासाठी गात होती. रस्त्याने जाणाऱ्या एका मोलकरणीने ते ऐकलं. ती ज्या बाईंकडे कामाला होती त्या राजेशाही ऑपेरातल्या नर्तकी होत्या. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं, तिथल्या गायन शिक्षकाकडे पाठवलं आणि राजेशाही नाट्यगृहाच्या शाळेत तिला जागा मिळाली. शिक्षण, कपडे, जेवणखाण सगळं नाट्यगृहाच्या खर्चाने. तिच्या पुढच्या आयुष्यात जे जे घडलं ते या एका फुकट मिळालेल्या जागेमुळे घडलं, हे ती कधी विसरली नाही.

ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं जाणारं नाटक. मागे मोठा वाद्यवृंद, समोर हजार-दोन हजार माणसं, आणि माईक नाही. ७ मार्च १८३८ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, वेबरच्या फ्रायशुट्झ या ऑपेरात तिने पहिली मोठी भूमिका केली आणि स्टॉकहोम तिच्यामागे वेडं झालं. ती तारीख तिने जन्मभर दुसऱ्या वाढदिवसासारखी पाळली. पण त्यानंतरच्या तीन वर्षांत तिला इतकं गायला लावलं गेलं, आणि तेही पुरेशी तालीम नसलेल्या गळ्याने, की विसाव्या वर्षीच आवाज फाटला. वरचे सूर खरखरीत, मधले विरलेले.

१८४१ मध्ये ती पॅरिसला गार्सियाकडे गेली. त्याचा तो आरसा यायला अजून तेरा वर्षं होती. तो नुसत्या कानाने रोग ओळखायचा. त्याने तिचं गाणं ऐकलं आणि शिकवायला नकार दिला. आधी काही आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंही शक्य तितकं कमी, मग पाहू. ज्या मुलीने नवव्या वर्षापासून गाण्याखेरीज काही केलं नाही तिला परक्या शहरात, भाषा नीट येत नसताना, गप्प बसायला सांगितलं गेलं. माझ्या पंधरा दिवसांत मला घरचे लोक होते, फोनवर लिहून बोलता येत होतं, तरी मी रडले होते. तिचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना मला तेव्हा थोडीशी आली.

मौन संपल्यावर ती गार्सियाकडे पुन्हा पहिल्यापासून शिकली. श्वास कुठे घ्यायचा, सूर कसा लावायचा, कुठे जोर द्यायचा नाही. राजधानीतली नावाजलेली गायिका साध्या स्वरांच्या पलट्यांवर बसली. दहाएक महिन्यांनी आवाज परत आला, तोही आधीपेक्षा मोठा. १८४२ मध्ये ती मायदेशी परतली. त्यानंतर कोपनहेगन, बर्लिन, लाइपझिग, व्हिएन्ना, आणि १८४७ मध्ये लंडन. डेन्मार्कमध्ये परीकथा लिहिणारे हान्स अँडरसन तिच्या प्रेमात पडले. तिने त्यांना भाऊच मानलं. संगीतकार मेंडेलसोन तिचे जिवलग स्नेही झाले. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरिया तिला ऐकायला यायची.

आणि १० मे १८४९ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लंडनमध्ये राणीच्या समोर शेवटचा प्रयोग करून तिने ऑपेरा सोडला. आवाज शाबूत होता, मागणी टिपेला होती. पण प्रत्येक प्रयोगाआधी तिला भीतीने घेरलेलं असायचं, नाट्यगृहातलं जग तिच्या धार्मिक मनाला कधीच मानवलं नव्हतं, आणि तिला घर हवं होतं. त्यानंतर अडतीस वर्षं ती जगली. ऑपेराच्या मंचावर पुन्हा कधी उभी राहिली नाही. गाणं मात्र सोडलं नाही. मैफली आणि धार्मिक संगीत चालू राहिलं.

मला भावली ती ही अडतीस वर्षं. चरित्रांमध्ये त्यांना थोडकी पानं मिळतात, कारण तिथे टाळ्या कमी आहेत.

त्यातलं एक प्रकरण मात्र गाजलं. बार्नम नावाचा अमेरिकन तमासगीर, जगावेगळ्या वस्तू आणि माणसं दाखवून पैसा कमावणारा, तिच्याकडे प्रस्ताव घेऊन आला. त्याने तिचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं! १५० मैफली, प्रत्येकीचे १,००० डॉलर, खर्च वेगळा. तिने होकार दिला, पण तिचे आणि सोबतच्या दोन कलाकारांचे मिळून १,८७,५०० डॉलर आगाऊ जमा करून घेतले. आयुष्यभर ग्राहकांकडून बिलं वसूल करताना थकलेल्या माझ्यासारखीने हे वाचून मनोमन हात जोडले. इतका पैसा तिला हवा होता तो स्वीडनमधल्या गरीब मुलांच्या मोफत शाळांसाठी.

१ सप्टेंबर १८५० ला बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा धक्क्यावर हजारोंची गर्दी होती. पहिल्या मैफलीच्या तिकिटांचा लिलाव झाला आणि पहिलं तिकीट एका टोपीवाल्याने २२५ डॉलरला घेतलं. तिच्या नावाचे हातमोजे निघाले, पलंग निघाले; तसल्या लाकडी पलंगांना तिकडे अजून तिचं नाव आहे. पहिल्या मैफलीतला आपला वाटा, सुमारे १०,००० डॉलर, तिने न्यूयॉर्कमधल्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. पण बार्नमचा तो बाजार तिला सोसेना. १८५१ मध्ये, नव्वदहून थोड्या अधिक मैफली झाल्यावर, ठरलेला दंड भरून ती करारातून बाहेर पडली आणि पुढचं वर्षभर स्वतःच दौरा चालवला. फेब्रुवारी १८५२ मध्ये बॉस्टनला तिने साथीचा पियानोवादक ओटो गोल्डश्मिट याच्याशी लग्न केलं. तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान होता. त्यांना तीन मुलं झाली. काही वर्षं जर्मनीत काढून ती इंग्लंडमध्ये स्थायिक झाली.

तिचा पैसा कुठे गेला, हे पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात केलेल्या मैफलींच्या उत्पन्नातून तिथे १८५४ मध्ये मुलांचं रुग्णालय सुरू झालं; तिथल्या बालरुग्णालयाला आजही तिचं नाव आहे. मेंडेलसोन अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. त्यांनी जेनीचा आवाज मनात धरून एलायजा या रचनेतला स्त्रीस्वर लिहिला होता. दुःखाने वर्षभर तिला ते गाता आलं नाही. १८४८ च्या डिसेंबरमध्ये ती लंडनला ते गायली, आणि त्या कार्यक्रमातून जमलेल्या १,००० पौंडांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती उभी राहिली. ती पहिल्यांदा मिळाली चौदा वर्षांच्या आर्थर सलिव्हनला, जो पुढे इंग्लंडचा नामांकित संगीतकार झाला.

उतारवयात ती शिक्षिका झाली. नवऱ्याने लंडनमध्ये बाख यांच्या संगीतासाठी गायकवृंद उभा केला, तेव्हा ती बायकांची तालीम घ्यायची आणि एके काळची जगप्रसिद्ध गायिका त्याच बायकांच्या रांगेत उभी राहून गायची. १८८३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक उघडलं तेव्हा तिथे गायनाची प्राध्यापक म्हणून तिला नेमलं. वय बासष्ट. नुसता गळा तयार करून भागत नाही, हा तिचा आग्रह. मुलींना पियानो यायला हवा, उच्चार स्पष्ट हवेत, एक तरी परकी भाषा हवी. शिस्त कडक होती. मुली तिला घाबरायच्या. आपल्या संगीताच्या बाई आठवतात ना?

२ नोव्हेंबर १८८७ रोजी ती मॅल्व्हर्नच्या टेकड्यांमधल्या आपल्या घरी गेली. मृत्युपत्रात बराच पैसा गरीब स्वीडिश विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवलेला होता. तिचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. नोटही आता चलनात नाही. तिची जागा दुसऱ्या गायकाने घेतली. पण शिष्यवृत्ती चालू आहे, रुग्णालय चालू आहे.

आता माझं. मौन पाळलं, व्यायाम केले, गाठी गेल्या. बोलता येतं, पण वरच्या पट्टीत आवाज चिरतो. त्यामुळे संमेलनात प्रार्थना मी म्हणणार नाही. आठवीच्या चार मुली म्हणतील, मी पेटीवर सूर देईन. पेटी मला बाईंनीच शिकवली, मधल्या सुट्टीत, एक पैसा न घेता. माझी फी माफ होती, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. माझीही जागा फुकटचीच होती.

आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीचं काय करायचं यावर ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे. बहुतेकांचा कल प्रवेशद्वाराच्या कमानीकडे आहे. त्यावर आपली नावं येतील. मी सुचवते की कमान राहू द्या. बाई निवृत्त झाल्यापासून शाळेत संगीताला कुणी नाही. संगीताच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, मी पाहून आले. तेवढ्या पैशांत एका शिक्षिकेचं तीन वर्षांचं मानधन निघतं, हिशोब मी ग्रुपवर टाकला आहे. खिडकीत बसून मांजरासाठी गाणारी मुलगी आपल्याही गावात असेल. तिच्यासाठी शाळेत एक जागा हवी.

एक माजी विद्यार्थिनी, दहावी, १९९४