मिटल्या डोळ्यांचा हिशेब

आमच्या बँकेत लेजर जुळवताना दिवे गेले, की काम थांबायचं. लिओनार्ड ऑयलरची दृष्टी गेली, पण त्याचा हिशेब थांबला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, १७०७ साली जन्मलेला हा पाद्र्याचा मुलगा रशियात सेंट पीटर्सबर्गला नावारूपाला आला. तिथंच १७७१ मध्ये आगीत त्याचं घर जळालं. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही फसली. पुढच्याच वर्षी, पासष्टीत, त्यानं एक संख्या तपासून दाखवली.

एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे आणि एक वजा करायचा: २,१४,७४,८३,६४७. हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. खात्रीसाठी ४६,३४० पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. ऑयलरनं तर्कानं बहुतेक भाजक आधीच बाद केले आणि उरलेले तपासले. एक भागाकार चुकला असता, तर सारंच पाण्यात!

अर्धशतकाहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. १७८३ साली ऑयलर गेला. त्यानं मुलाला आणि शिष्यांना सांगून लिहवलेलं काम मात्र अकादमी पुढं कित्येक वर्षं छापतच राहिली.