घाबरलेली मांजर आणि डॉ. कॅनन

रोंटगेनचे क्ष-किरण जगाला ठाऊक होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा, १८९६ मध्ये, हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न भरवून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली पाहू लागला. काही मांजरांचे जठर मात्र मुळीच हलेना. बोके धडपडत, तेव्हा जठर थांबे. वयस्क मांजरी निवांत पडून राहत आणि त्यांचे जठर चालू असे. दुसऱ्या कुणी असे बोके बाजूला काढून प्रयोग पुढे रेटला असता. कॅनन तिथेच थबकला.

मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडे तो वळला, तोवर तो शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. १९११ मध्ये त्याने मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. ग्रंथींतून येणाऱ्या शिरेजवळचे रक्त भीतीआधी आणि भीतीनंतर काढून आतड्याच्या स्नायूच्या पट्टीवर सोडले. आधीच्या रक्ताने पट्टी आकुंचत राहिली, नंतरच्या रक्ताने सैलावली. रक्तात ॲड्रिनलिन उतरले होते. घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत साखरही सापडली. ॲड्रिनल काढलेल्या मांजरांत ती सापडली नाही.

क्लीव्हलँडच्या स्टुअर्ट आणि रोगॉफ यांना हे पटले नाही. हा स्राव भावनेने बदलत नाही, असा त्यांचा दावा होता. वाद वर्षानुवर्षे चालला. कॅननने त्याला उत्तर देताना मांजराच्या हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या. तरीही मांजर खवळले की हृदय धावे, म्हणजे संदेश रक्तातूनच येत होता.

मला त्याचे १९२४ चे काम सर्वांत मोलाचे वाटते. इन्सुलिन देऊन मांजराची साखर फार खाली आणली, की ॲड्रिनल ग्रंथी जागी होऊन साखर वर ओढू लागते, हे त्याने व सहकाऱ्यांनी दाखवले. इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड सुरू होते, ती याचमुळे. वॉर्डात याला अशक्तपणा समजून रुग्णाला नुसते झोपवून ठेवणारे नातेवाईक मी अनेकदा पाहिले आहेत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी साखर खायला द्या, मग झोपवा.

उलट बाजूही तितकीच खरी. दवाखान्यात आणलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने चढते, म्हणून पशुवैद्य एका तपासणीवर मधुमेहाचे निदान करत नाहीत. तीव्र आजारात माणसाचेही असेच होते. बरे झाल्यावर साखर पुन्हा तपासावी लागते.

तरुणपणी क्ष-किरणांपासून संरक्षण घेण्याची रीतच नव्हती. त्यांनी भाजलेली त्वचा कॅननला पुढे आयुष्यभर छळत राहिली. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याचे निधन झाले.