अंधेरीचे चित्तप्रसाद

गोरेगावहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत आपल्यापैकी कित्येकजण रोज असतात. अंधेरी येते, गर्दी उतरते, तेवढीच पुन्हा चढते. त्या अंधेरीत रुबी टेरेस नावाच्या इमारतीत भारतातील एक थोर लिनोकट-चित्रकार जवळजवळ तीस वर्षे राहत होता, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेही अंगठा कापून घेतल्यावर!

आमच्या भित्तिपत्रकाचे शीर्षक लिनोवर कोरून छापायचे, असे मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतले होते. पटाशी घसरली ती थेट डाव्या अंगठ्यात. चिंधी बांधून काम पुरे केले, शाई लावली, कागद उचलला, तर सगळी अक्षरे उलटी! ठशावर सरळ कोरलेले कागदावर उलटे उमटते, ही बालवाडीतली गोष्ट मी विसरलो होतो. सरांनी तो कागद पाहिला, हसले नाहीत. चित्तप्रसादांच्या चित्रांचे एक पुस्तक तेवढे पुढे ठेवले.

चित्तप्रसादांचा जन्म 1915 साली बंगालमधील नैहाटी येथे झाला. आडनाव भट्टाचार्य, पण जातीची ओळख नको म्हणून त्यांनी ते टाकून दिले. चितगावच्या कॉलेजात शिकत असतानाच ते डाव्या चळवळीकडे ओढले गेले. चित्रकला मात्र बहुतांशी स्वतःच शिकले. 1943 च्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यातून हिंडले आणि जे दिसले ते शाईने रेखाटत गेले. ही रेखाटने व त्यांसोबतचे लेखन ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने मुंबईत छापले गेले. ब्रिटिश सरकारने त्याच्या 5,000 प्रती जप्त करून नष्ट केल्या. घरच्यांनी जपलेली एक प्रत उरली. तिच्यावरून 2011 मध्ये ते पुन्हा जसेच्या तसे छापले गेले.

पुढे लिनोकट हेच त्यांचे मुख्य माध्यम झाले. मला आपले वाटते, की ज्याने आपल्या चित्रांच्या प्रती नष्ट होताना पाहिल्या, त्याला घरच्या घरी पुन्हा पुन्हा छापता येणारा ठसा जवळचा वाटला असावा. ही माझी समजूत. पुरावा मागू नये. स्वस्तपणा हे कारण तर उघडच आहे. लिनो म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाची पूड यांचा तागाच्या कापडावर बसवलेला थर. मुळात तो जमिनीवर अंथरण्यासाठी निघाला. त्यावर छापायला यंत्रही लागत नाही. कागद ठेवून पाठीमागून चमच्याच्या पोटाने घासले तरी भागते. फक्त कोपरा उचलून पाहताना कागद हलता कामा नये.

पण स्वस्त म्हणजे सोपे नव्हे. लाकडाला रेषा असतात, लिनोला नसतात, त्यामुळे पटाशी हवी तिकडे वळते. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. कोरून काढले ते पांढरे, ठेवले ते काळे. मधले करडे असे काही नाही. लेखणीने काळी रेघ एका फटकाऱ्यात येते. लिनोत तीच रेघ ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजू कोराव्या लागतात, त्याही उतरत्या. सरळ खोल कापल्या तर छापताना रेघ मोडते. पांढरी रेघ मात्र एका फटक्यात निघते. चित्तप्रसादांची चित्रे पुन्हा पाहिली तेव्हा हे उमगले. मोठा काळा भाग तसाच ठेवायचा आणि मोजक्या पांढऱ्या घावांनी त्यातून गाल, बोटे, बरगड्या बाहेर काढायच्या. चुकलेला घाव बुजवता येत नाही. शाई थोडी जास्त झाली तरी बारीक घाव भरून जातात आणि चेहऱ्याच्या जागी डाग उरतो. माझ्या पहिल्या दहा कागदांत असे डागच डाग होते.

1946 पासून ते मुंबईकर झाले. ‘इप्टा’चे नगारा वाजवणाऱ्याचे बोधचिन्ह त्यांचेच. 1948-49 च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. मग उरली अंधेरीची खोली आणि कायमची पैशांची ओढाताण. लग्न केले नाही. याच काळात त्यांनी मजुरी करणाऱ्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांची लिनोकट-मालिका कोरली. परीकथा ज्यांच्या वाट्याला आलीच नाही, अशी ही मुले. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती 1969 मध्ये प्रसिद्ध केली. अशाच मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ हे बाहुल्यांचे नाट्यगृह चालवले. चेकोस्लोव्हाकियात त्यांच्या चित्रांना चाहते मिळाले. 1972 मध्ये पावेल होब्ल यांनी त्यांच्यावर लघुपटही काढला. इतक्या दूरच्या माणसांना जे कळले, ते दोन-तीन स्टेशनांवरच्या आपल्याला कळू नये!

13 नोव्हेंबर 1978 रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

भित्तिपत्रकाचे शीर्षक मी पुन्हा कोरले. या खेपेस अक्षरे पातळ कागदावर लिहून कागद पालथा घातला आणि मग लिनोवर उतरवली. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवून मऊ केला आणि डावा हात पटाशीच्या मागे ठेवला. अक्षरे सरळ उमटली. एक वेलांटी तेवढी तुटली; तिच्या बाजू मी सरळच कापल्या होत्या.