राजकुमारी अमृत कौर : श्रद्धा आणि खाते

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात स्त्री एकच होती, राजकुमारी अमृत कौर. १९४७ पासून १९५७ पर्यंत आरोग्य खाते त्यांच्याकडे होते. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली उभी राहिली ती मुख्यत्वे त्यांच्या खटपटीने. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्या कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या. वडील हरनामसिंग ख्रिस्ती झालेले, आईही ख्रिस्ती. शिक्षण इंग्लंडात. परतल्यावर गांधीजींकडे त्यांचे मन ओढले गेले आणि राजवाड्यातली ही मुलगी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी येऊन राहिली. सुमारे सोळा वर्षे त्यांनी गांधीजींचे चिटणीसपद सांभाळले, तुरुंगवास भोगला. पडदा, बालविवाह, देवदासीप्रथा यांवर त्या तुटून पडत. १९२७ साली पुण्यात पहिले अधिवेशन भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या संस्थापकांपैकी त्या एक.

अशा बाईंच्या हाती स्त्रियांचे आरोग्य सोपवणे योग्यच वाटावे. पण संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना त्यांचा मनापासून विरोध होता. घरातला ख्रिस्ती धर्म आणि आश्रमातले ब्रह्मचर्य, दोन्हींनी त्यांना संयमाचाच मार्ग शिकवला होता. हे मत त्यांनी कधी लपवले नाही; नेमणूक झाली ती सर्वांना माहीत असताना. गंमत अशी की, त्यांच्याच महिला परिषदेने १९३० नंतरच्या दशकात संततिनियमनाच्या बाजूने ठराव केले होते.

पहिल्या पंचवार्षिक योजनेने कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले. खर्च झाले त्यातले पाव हिश्शाहूनही कमी. साधने वाटण्याऐवजी बाईंनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेकडे सल्लागार मागितला, तोही सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीपुरता. डॉ. अब्राहम स्टोन आले. म्हैसूर राज्यातल्या रामनगरला आणि दिल्लीच्या लोदी वसाहतीत प्रयोग झाले. ज्यांना तारखा मोजता येत नव्हत्या त्या बायकांसाठी रंगीत मण्यांची माळ काढली : रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून ठरवायचे. पण पाळी अनियमित असेल तर माळ काय करणार? आणि नवऱ्याने ऐकलेच नाही तर? प्रयोग यशस्वी झाला नाही. त्याच म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली होती, म्हणजे एका अर्थी आपण वीस वर्षे मागे गेलो होतो.

पुढे १९५२ च्या जागतिक आरोग्य परिषदेत कॅथलिक लोकसंख्येच्या काही देशांनी हरकत घेतली आणि संघटनेनेही या कामातून बरीच वर्षे अंग काढून घेतले.

इथे रघुनाथराव कर्वे आठवल्याखेरीज राहत नाहीत. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे १९२५ साली मुंबईच्या मिशनरी विल्सन कॉलेजातली त्यांची प्राध्यापकी गेली. एकाची श्रद्धेशी न जुळणाऱ्या मतामुळे नोकरी गेली; दुसऱ्यांकडे श्रद्धेसकट खाते आले.

बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांना ज्या गोष्टीत पाप दिसले ती त्यांनी स्वतःसाठी टाळली असती तर कोणाची हरकत नव्हती. येथे प्रश्न पाचव्या-सहाव्या बाळंतपणाला सामोऱ्या जाणाऱ्या बाईचा होता, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या योजनेत तरतूद सुमारे पाच कोटींवर गेली. १९५७ साली बाईंनी खाते सोडले, १९६४ साली त्या वारल्या. सिमल्याचे आपले घर त्यांनी आयुर्विज्ञान संस्थेला देऊन टाकले होते, परिचारिकांना विश्रांती मिळावी म्हणून.