शतायुषी कर्मयोगी : वेदमूर्ती पंडित सातवळेकर

वैदिक ऋषींनी शंभर शरद ऋतूंचे आयुष्य मागितले, ते केवळ श्वासोच्छ्वास चालू राहावा म्हणून नव्हे. अखेरपर्यंत दृष्टी शाबूत असावी, कानांनी ऐकू यावे, वाणी अस्खलित राहावी आणि कोणापुढेही दीन होण्याची पाळी येऊ नये, असे ते मागणे आहे. या प्रार्थनेचा अर्थ ज्यांनी जन्मभर विवरिला आणि स्वतःच्या देहाने सिद्धही करून दाखविला, असे अलीकडच्या काळातील थोर पुरुष म्हणजे वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होत.

सावंतवाडीजवळच्या कोलगाव येथे 19 सप्टेंबर 1867 रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकला घराण्यातच होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी तिचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे हैदराबादेत चित्रकार म्हणून चांगला जम बसविला. तेथेच त्यांचे वेदाध्ययन आणि समाजकार्य वाढीस लागले. 1907 साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी पाठशाळेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. परंतु वैदिक प्रार्थनांतील तेजस्वितेवर त्यांनी लिहिलेला लेख परकीय सत्तेला राजद्रोहाचा वाटला. हैदराबाद सुटले. हरिद्वारजवळचे कांगडी गुरुकुल, कारावास आणि नंतर लाहोर असा प्रवास घडला. पोटापाण्याची घडी बसावी आणि पुन्हा विस्कटावी, असे अनेकदा झाले. अध्ययन मात्र कोठेही खंडित झाले नाही.

1918 साली ते सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानात आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. या वयात माणसाच्या बोलण्यात निवृत्तीची भाषा येऊ लागते. पंडितजींनी मात्र येथे स्वाध्याय मंडळाचे कार्य उभारले. चारी वेदांच्या शुद्ध संहिता छापणे, त्यांचा अर्थ सामान्य वाचकापर्यंत नेणे, घरबसल्या संस्कृत शिकता यावे म्हणून पाठमाला रचणे, ‘पुरुषार्थ’ व ‘वैदिक धर्म’ ही मासिके चालविणे, एवढा व्याप त्यांनी सांभाळला. गीतेवरील ‘पुरुषार्थबोधिनी’ टीकाही त्यांचीच.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे निस्सीम उपासक. संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कारांचा परिपाठ सुरू केला होता. पंडितजींचा ओढाही तिकडेच होता. आसने, प्राणायाम आणि सूर्यनमस्कार यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. पण आधी ते आचरिले. त्यांच्या विचारात व्यायाम हा उपासनेहून निराळा नव्हता. देह हे कर्माचे साधन आहे. साधन बोथट झाले तर कर्म अडते. म्हणून त्याला रोज धार लावावयाची, त्याचे कौतुक करीत बसावयाचे नाही. मिताहार आणि नित्यनेम यांना वार्धक्यातही सुट्टी नव्हती. म्हातारपणी अकस्मात आरंभिलेला हा उपचार नव्हता, तारुण्यापासून जडलेली ती सवय होती.

या नेमाची खरी परीक्षा 1948 साली झाली. जानेवारीत महात्मा गांधींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीचा आगडोंब उसळला. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. तीस वर्षांचा आश्रय संपला. पंडितजींना तेव्हा ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. ग्रंथ, मुद्रणालय, अपुरी हस्तलिखिते हा सारा संसार उचलावयाचा आणि अपरिचित भूमीत नव्याने मांडावयाचा, हे तरुणालाही जड जावे असे काम. कोणी हाय खाऊन अंथरूण धरले असते, तरी त्यास दोष कोण देता? पंडितजींनी गुजरातमधील वलसाडजवळच्या पारडी येथे स्वाध्याय मंडळ हलविले आणि लेखणी पुन्हा हाती घेतली. वेदांचे सुबोध भाष्य तेथून प्रसिद्ध होत राहिले. वाचन, लेखन आणि मुद्रितांचे शोधन यांत पुढची वीस वर्षे गेली. इतरांचे आयुष्य जेथे आटोपते, तेथे त्यांच्या कार्याचे एक संपूर्ण पर्व सुरू झाले.

1967 साली त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. 1968 साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले आणि त्याच वर्षी 31 जुलै रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

दीर्घायुष्य सर्वस्वी माणसाच्या हाती नाही. नेमनिष्ठ सत्पुरुषही अल्पायुषी झाल्याचे आपण पाहतो. मात्र जेवढे आयुष्य लाभेल तेवढे कार्यक्षम राखण्याचा यत्न ज्याच्या त्याच्या हाती आहे. प्रत्येकाला शंभर नमस्कार झेपतील असे नाही. ज्याच्या शक्तीला जे पेलेल, ते त्याने नित्य करावे. आणि देहाला नेम असावा तसे मनाला कार्य असावे. उद्या सकाळी उठून करावयाचे काम ज्याच्यापुढे आहे, त्याला वार्धक्य गाठते, पण मोडू शकत नाही. पंडितजींच्या चरित्राचे सार हेच आहे.