विषारी झाडं ओळखायला शिकवणारे कीर्तिकर

पहिला पाऊस पडला की माळावर चाऱ्याच्या गवताआधी तण वर येतं. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेलं जनावर दिसेल त्या हिरव्याला तोंड लावतं आणि संध्याकाळी गोठ्यात आडवं होतं. मग कोणी दृष्ट काढतो, कोणी पान लागलं म्हणतो. खाल्लं काय, हे मात्र कोणी बघत नाही.

हे बघायची सवय लावणारा एक डॉक्टर मुंबईत होऊन गेला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा जन्म १८४९ चा. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते विलायतेला गेले, सरकारी वैद्यकीय सेवेत शिरले आणि लेफ्टनंट कर्नल झाले. ठाण्याला सिव्हिल सर्जन असतानाही त्यांचा वनस्पतींचा अभ्यास चालूच होता. मुंबईत १८८३ साली निघालेल्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली.

त्या काळी विषाचा धाक मोठा होता. गुंजेच्या बियांच्या सुया करून जनावराच्या अंगात खुपसायच्या आणि कातड्यासाठी ते मारायचं, असे गुन्हे होत. झाडाची ओळख पटल्याशिवाय ना उपचार, ना गुन्ह्याचा तपास.

कीर्तिकर साहित्यिकही होते. १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. १९१७ साली ते वारले. मेजर बसूंबरोबर केलेला औषधी वनस्पतींचा त्यांचा मोठा ग्रंथ दुसऱ्या वर्षी अलाहाबादेत निघाला, तो त्यांना बघायला मिळाला नाही.

पशुपालकांनी यातून काय घ्यावं? पोट भरलेलं जनावर सहसा विषारी पाल्याला तोंड लावत नाही. धोका असतो तो उपाशी किंवा परमुलखातून आणलेल्या जनावराला. म्हणून चरायला सोडण्याआधी थोडी वैरण टाका. कुंपणाची छाटलेली कण्हेर गुरांच्या वाटेवर टाकू नका. पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत गुरं घालू नका, किराळ लागते आणि घटकाभरात जनावर हातचं जातं. घाणेरी खाल्ल्याने कावीळ होते, उन्हाने कातडी सोलते. असं जनावर सावलीत बांधा.

आणि डॉक्टरला बोलवाल तेव्हा ज्या झाडाचा संशय असेल त्याची पाना-फुलांसकट फांदी दाखवा. उपचाराची दिशा तिथूनच ठरते.